झाडू मारायच्या आधी

१६ नोव्हेंबर, उम्म अल कुवैन

दादा,

आम्हाला खून सापडलाय.

घाबरू नकोस, चार हजार वर्षं जुना आहे. पण खून तो खूनच ना. घराच्या जमिनीवर एक बाई पडलीय, तिच्यावर जळलेलं छप्पर कोसळलंय, आणि डाव्या कानाच्या वर कवटीला एवढा खड्डा आहे की माझी मूठ बसेल. (बसवून बघितली नाही. जुलेखा मॅडमनी मलाच तिथे पुरलं असतं.)

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, इन्स्टावर ब्लॉक केलंस, नंबर बदललास. शेवटी लतिका मावशीच्या मागे लागून नाशिकचा पत्ता काढला. बाबांना कळू द्यायचं नाही, अशी शपथ घालून तिने दिला. कागदाला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच.

आणि मराठीत लिहितेय, कारण जाताना एअरपोर्टवर तू म्हणाला होतास, "ओवी, तू खोटं बोलताना इंग्लिशमध्ये जातेस." खरंय. आपल्या घरात मार मराठीत पडायचा आणि सॉरी इंग्लिशमध्ये यायचं. शाळेत मराठी नव्हतं, त्यामुळे माझ्या वेलांट्यांना हसू नकोस.

तर. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष चालू आहे, पण सुट्टी मिळाली की मी दुबईहून इथे पळते. खाडीजवळ एक बुटकी टेकडी आहे, तिच्या पोटात आख्खं गाव आहे, आणि मी त्या गावाची ड्रॉइंग्ज काढते. फुकट! वर सनबर्न! आयुष्यात इतकी खूश कधीच नव्हते.

जुलेखा मॅडम आमच्या बॉस. मूळच्या कराचीच्या, आवाज बुलडोझरचा. त्यांनी वीसेक वर्षं इजिप्तमध्ये नाईलच्या काठचं एक जुनं गाव खणलं. थडगी नाही, सोनं नाही, नुसतं गाव. लोक भाकरी कुठे भाजायचे, बकरी कुठे बांधायचे, कचरा कुठल्या कोपऱ्यात ढकलायचे. "मरे हुए राजा सब एक जैसे बोअर होते हैं," असं त्या म्हणतात. तिथली पद्धत त्यांनी इथे जशीच्या तशी आणलीय. जमीन लागली की त्यावर दोरीचे चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोनातली माती वेगळ्या पिशवीत भरायची. मग ती पाण्यात चाळायची, सुकवायची आणि चिमट्याने कण कण वेगळा करायचा. कारण घर झाडणारा माणूस मोठे तुकडे बाहेर टाकतो. बारीक चुरा पायाखाली रुततो, नाहीतर झाडूबरोबर भिंतीच्या कडेला जाऊन बसतो. त्या चुऱ्यावरून कळतं घरात काय चालायचं.

आणि मी काय केलं माहितीये? पहिल्याच आठवड्यात? फोटो काढायचा होता म्हणून चुलीभोवतीची जमीन ब्रशने मस्त चकाचक करून ठेवली.

मॅडम आल्या. "ये किसने किया?"

मी हात वर केला, बक्षीस मिळणार असल्यासारखा.

"किसने बोला था साफ करने को?"

"मॅडम, फोटोसाठी..."

"बच्चा, तूने अभी अभी किसी का चार हजार साल पुराना नाश्ता उडा दिया."

रेहान म्हणून एक मुलगा आहे, आमचा फोटोग्राफर. तो हसून हसून मातीच्या ढिगावर बसला. मी मात्र रडले. असं कसं कळलं नाही मला? पण आपल्याकडे काही फुटलं की पहिल्यांदा झाडू येतो. मग पोछा. मग चहा. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी तसंच असतं.

रेहानची थिअरी अशी की समुद्रावरून चाचे आले, बाईला मारलं, घर पेटवलं आणि पळाले. फुल अ‍ॅक्शन. मला पण पटतंय.

घरी एव्हरीथिंग इज फाइन.

तुझी ओवी

७ डिसेंबर, अल बर्शा, दुबई

दादा,

उत्तर नाही आलं. ठीक आहे. तू वाचतोयस असं धरून चालते.

चाचे कॅन्सल. शारजाहून फिझा मॅडम आल्या होत्या, त्या फक्त हाडं बघतात. त्या आमच्या बाईच्या शेजारी चटई टाकून आडव्याच झाल्या, मैत्रिणीशी गप्पा मारल्यासारख्या. मग त्यांनी मला डावा हात दाखवला. कोपरापासून करंगळीच्या बाजूने जे हाड जातं ना, ते दोन ठिकाणी मोडलंय. एका ठिकाणी हाडाची गाठ झालीय, म्हणजे मोडून, जुळून, भरून आलेलं. दुसरं मोडणं ताजं. म्हणजे तिच्या शेवटच्या दिवसाचं.

कोणी डोक्यात घालायला आलं की आपण हात असा आडवा वर धरतो. (तू आत्ता धरलास. मला माहितीये.) तेव्हा पहिला फटका बरोबर त्याच हाडावर बसतो.

रेहान म्हणाला, "मतलब डाकू दो बार आये?"

फिझा मॅडमनी त्याच्याकडे बघितलं पण नाही. "पहला फ्रॅक्चर भरने में महीने लगे होंगे बेटा. डाकू इतने रेग्युलर नहीं होते."

कोणीच हसलं नाही. मी विचारलं, मग कोणी मारलं? जुलेखा मॅडम म्हणाल्या, "हड्डी नाम नहीं बताती. हम भी नहीं लेंगे. हाथ दो बार टूटा, मार सामने से आई, घर बाद में जला. बस. इससे आगे कहानी है, और कहानी का पगार मुझे नहीं मिलता."

मी मात्र गाडीत बसल्यावर नाव घेतलं. मनात. तूही घेतलं असशील.

बाबा बरे आहेत. गेल्या शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन त्यांनीच केलं, लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. एक काकू आईला म्हणाल्या, "प्रमिला, तुझ्या घरी तर रोजच हास्यजत्रा असेल गं!" आई हसली. आईने पूर्ण बाह्यांचे चार ब्लाउज शिवून घेतलेत. थंडी आहे म्हणते. दादा, आम्ही अजून एसी लावतो.

नवीन डायनिंग टेबल आलंय. जुन्याचं विचारू नकोस. इट वॉज जस्ट ओल्ड.

ओवी

२२ डिसेंबर, अल बर्शा

दादा,

इंग्लिशमधली सगळी वाक्यं परत घेते.

टेबल जुनं नव्हतं. बाबांनी आईचा चेहरा त्यावर आपटला, मग ती उठत नाहीये म्हणून राग आला, मग टेबलच उचलून उलटं केलं. कारण? भात मऊ झाला होता. कारण लिहून काही उपयोग नाही, ते दर वेळी वेगळं असतं.

आता ऐक मी काय केलं. वेडेपणा वाटेल. बाबा अबूधाबीला साइटवर गेले होते, आई वाणसामान आणायला. मी आपल्या हॉलमध्ये दोरीचे चौकोन आखले. सोफा सरकवला, भिंतीच्या कडेची, कपाटाखालची, बाल्कनीच्या दाराच्या खाचेतली धूळ ब्रशने काढून वेगवेगळ्या पिशव्यांत भरली. मॅडम करतात तस्सं. चाळलं. चिमटा घेऊन बसले.

हिरव्या बांगडीची काच. दोन प्रकारची. पांढऱ्या कपाची कपची, तो गणपतीत घेतलेला सेट. टीव्हीच्या रिमोटचं काळं प्लास्टिक. अख्खा दात नाही, पण दाताचा तुकडा, आणि तो माझा नाही. आणि बाल्कनीच्या खाचेत, सगळ्यात तळाशी, जाड काच, कडेला निळसर.

टीपॉयची.

तू गेलास त्या दिवसाची. बाबा तुला बेल्टच्या बकलने मारत होते आणि तू पहिल्यांदा परत ढकललंस आणि ते टीपॉयवर पडले. त्यांच्या कपाळाला टाके आले आणि तुला तिकीट. तू आईला म्हणालास, माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, ओवीची शाळा आहे, यांचं प्रेशर वाढलंय, कसं येऊ. तू म्हणालास, "मग मरा इथेच."

ते वाक्य झाडून निघालं नाही, दादा. मी पाच वर्षं त्यावरून चालतेय. मी सोळाची होते. मी काय केलं होतं? मला का मरायला सांगितलंस?

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं, राहू दे.

आई आली तेव्हा मी सगळं जमिनीवर मांडून बसले होते. तिने वाणसामानाच्या पिशव्या हातात धरूनच बघितलं.

"ओवे, काय गं हे?"

"आपलं घर."

"काहीतरीच बाई. कचरा आहे तो, टाक आधी." मग तिने बांगडीचा तुकडा उचलला. "ही मंगळागौरीची. सोनल वहिनींनी दिलेली." मी म्हटलं, आई, आपण जाऊ या ना इथून. दादाकडे.

"त्याच्या दारात कुठल्या तोंडाने उभी राहू? तो हात धरून चल म्हणत होता तेव्हा मी सोडवून घेतला. आता म्हातारपणी ओझं व्हायला जाऊ?"

"तो ये म्हणाला तर?"

"तो म्हणणार नाही. तुमच्या वडिलांचाच मुलगा आहे. एकदा खलास म्हटलं की खलास."

दादा, मला फक्त एवढंच हवंय तुझ्याकडून. आईला या घरातून जिवंत बाहेर काढायचंय आणि ती फक्त तुझ्या दारात जाईल, मावशीच्या नाही, कोणाच्या नाही. एक शब्द. "ये." इंग्लिशमध्ये पाठवलास तरी चालेल.

पिशव्या मी बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवल्यात.

ओवी

१४ जानेवारी, दुबई

दादा,

आई जिवंत आहे. हे आधी लिहिते.

शनिवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. बाबा बाल्कनीत फोनवर बोलत होते, आत आले तेव्हा हातात पिशव्या होत्या. मी मूर्खासारखी लेबलं लावली होती. हॉल, सोफ्यामागे. हॉल, बाल्कनीची खाच.

"हे काय?"

"सॅम्पल्स आहेत."

"कसली?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "आपण फोडलेल्या वस्तूंची. म्हणजे तुम्ही."

ते हसले. तुला ते हसणं आठवतं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, एक पिशवी उघडली आणि माझ्या वरणभातावर रिकामी केली. "रिसर्च आहे ना तुझा? खा." मी हलले नाही. त्यांनी मानेवरचे केस मुठीत धरून माझं तोंड ताटात दाबलं. "खा, शहाणे. बापाची चाळणी लावतेस? खा." हनुवटी कापली. काचेपेक्षा वरणाचा चटका जास्त जाणवला, विचित्र आहे ना?

आईने मागून त्यांचा शर्ट ओढला. आई! जिने कधी त्यांच्या समोरची खुर्ची ओढली नाही. "तिला नाही," असं काहीतरी म्हणत होती. त्यांनी लोणच्याची बरणी फेकली, ती भिंतीवर फुटली. मग किचनमधलं लोखंडी स्टूल उचललं, माळ्यावरचं काढायला वापरतो ते. ते माझ्यावर उचललं होतं, दादा. मी खुर्चीतून उठत होते. आई मध्ये आली आणि तिने डावा हात आडवा वर धरला.

फिझा मॅडम म्हणतात, जिवंत हाड सुकलेल्या काटकीसारखं मोडत नाही, ओल्या फांदीसारखं मोडतं. आवाज तसाच येतो. ऐकला मी.

दुसरा फटका पाठीत. तिसरा जमिनीवर, कारण ती खाली पडली होती आणि नेम चुकला. फरशीला टवका उडालाय.

मग ते थांबले. श्वास लागला होता. "खलास. विषय संपला." शर्टावर लोणच्याचं तेल उडालं होतं, तो बदलला. तोंड धुतलं. मंडळात संक्रांतीच्या कार्यक्रमाची तालीम होती, त्यांनाच निवेदन करायचं होतं. दारातून म्हणाले, "मी येईपर्यंत सगळं आवरून ठेवा. यल्ला, लवकर."

मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. वळून बघते तर आई उभी राहिलीय. डावा हात चुकीच्या दिशेने लोंबतोय आणि उजव्या हातात झाडू.

"आई!"

"लोक येतील गं आता. हे असं बघितलं तर काय म्हणतील? काच आहे सगळीकडे, त्यांच्या पायाला लागेल." आणि खरंच झाडायला वाकली.

तेव्हा माझ्या तोंडून जुलेखा मॅडम निघाल्या. "हाथ मत लगाओ! किसी चीज को हाथ मत लगाओ!"

आई जागच्या जागी थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी काम करू नकोस म्हणून ओरडलं असेल.

मी बॅगेतून फोटोत माप कळावं म्हणून ठेवायची काळी-पांढरी पट्टी काढली. फोन घेतला. दारापासून सुरुवात केली, जशी साइटवर करते. आधी पूर्ण खोली, मग भिंतीवरचं तेल, मग स्टूल, त्याच्या पायाला लागलेलं रक्त, ताट, ताटातले माझे केस, फरशीचा टवका. काहीही न हलवता. हनुवटीचं रक्त पट्टीवर पडत होतं.

आई खुर्चीत बसून बघत होती. पांढरीफटक. मग हळूच म्हणाली, "फ्रीजखाली काढ."

"काय?"

"बरणी फुटली की काच फ्रीजखाली जातेच. तिथलं राहतं नेहमी. आणि दाराच्या मागे बघ, एक फटका चुकला होता तेव्हाचं प्लास्टर पडलंय." थोड्या वेळाने, "ते आजचं नाही. दिवाळीचं आहे. तेही काढ."

तिने उजव्या हाताने झाडू भिंतीला टेकवला आणि पट्टी मागितली. शेवटच्या फोटोंत पट्टी तिने धरलीय. तिची बोटं दिसतात त्यात.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या माणसांनी खोली बघितली आणि पोलिसांना कळवलं. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे लावला. दादा, मी डॉक्टरांच्या आधी बघितलं. ताजं मोडणं, आणि त्याच्या वर, कोपराकडे, जुनी गाठ. सेम हाड. तू दहावीला होतास तेव्हा आई बाथरूममध्ये "पडली" होती, आठवतं? आपण दोघांनी तिच्या प्लास्टरवर स्मायली काढले होते.

पोलिसांतल्या बाई बसल्या होत्या, एक मल्याळी नर्स मध्ये हिंदी-अरबी करत होती. डॉक्टरांनी विचारलं, "ये पुराना कैसे हुआ?"

आई म्हणाली, "बाथरूम में..." आणि थांबली. माझा फोन तिच्या मांडीवर होता, फोटो उघडाच होता, तिच्या बोटांचा.

"नहीं," ती म्हणाली. "मारा था. तब भी उन्होंने ही मारा था."

नर्सने ते अरबीत सांगितलं. किती छोटं वाक्य झालं त्याचं.

बाबांना तालमीतून नेलं.

ओवी

३ फेब्रुवारी, उम्म अल कुवैन

दादा,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ते तुझ्या हातात देणाऱ्या बाईच्या डाव्या हाताला प्लास्टर आहे.

तू "ये" म्हणाला नाहीस. चारही पत्रं पोहोचली की फाटली, माहीत नाही. मी तिला सांगितलंय की तू बोलावलंयस. मराठीत सांगितलं, म्हणून तिचा विश्वास बसला. आता ते खरं करणं तुझ्याकडे. नाही केलंस तर तिला परत यायला घर नाही. बाबांना तिच्याजवळ यायला बंदी आहे आणि अल बर्शाच्या फ्लॅटला आम्ही कुलूप लावलंय. तिचा जबाब झालाय. पासपोर्ट बाबांच्या कपाटात होता, पोलिसांतल्या बाई स्वतः दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी काढला.

मी येत नाहीये. केसमध्ये मला बोलावणार आहेत, आणि डिग्री आहे, आणि साइटवरच्या घराची जमीन अजून अर्धीच खणून झालीय. जुलेखा मॅडमकडे राहते. आपल्या हॉलचा पूर्ण प्लॅन काढला मी कोर्टासाठी, प्रत्येक तुकड्याची जागा दाखवून. मॅडमनी चष्मा लावून तो खूप वेळ बघितला. मग म्हणाल्या, "नॉर्थ का बाण किधर है?" विसरले होते. मग त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की बरगडी मोडेल असं वाटलं.

आमच्या बाईला आम्ही गेल्या आठवड्यात उचललं. त्या दिवशी मी साइटवर हिरवी बांगडी घालून गेले होते, उगाच. तिच्यावर माती पडल्यापासून तिला कोणीच हलवलं नव्हतं, म्हणून तिचं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचलं. कोणी आवरलं असतं तर नसतं पोहोचलं.

आई विमानात पहिल्यांदा एकटी बसलीय. तुझ्यासाठी खजूर आणलेत, त्याबद्दल दोनदा विचारेल. बाबांबद्दल तू काही बोललास तर त्यांची बाजू घेईल, चिडू नकोस, वेळ लागेल. तिच्यासमोर आवाज चढवू नकोस. तू त्यांचा मुलगा आहेस असं ती म्हणते. मला तसं वाटत नाही, पण मी तुला पाच वर्षं बघितलं नाहीये.

तू हे उंबऱ्यावर उभा राहून वाचत असशील तर आधी तिला आत घे.

आत आल्यावर ती खोलीभर नजर फिरवेल. बॅचलरचं घर, धूळ असणारच. पाणी पिण्याआधी ती कोपऱ्यात झाडू शोधेल.

तो लपवून ठेव. तिला बसव.

ओवी